पत्ते टाकायचं काम

मुकुंदवाडीच्या स्टेशनामागच्या गल्लीत कुणाचा मुलगा काय करतो हे लपून राहत नाही. एक रिक्षा चालवतो, एक चिकलठाण्याला कंपनीत आहे, एक तीन वर्षं पोलीस भरतीसाठी पहाटे पळतोय आणि अजून पळतोच आहे. संघपाल खरातचं मात्र कुणाला धड सांगता यायचं नाही. त्याची आई मुक्ताबाई 'कम्प्युटरवर असतो' म्हणायची आणि समोरचीने आणखी काही विचारायच्या आत तिच्याच सुनेची चौकशी सुरू करायची. बायको करुणा खासगी दवाखान्यात नर्स होती, ती 'घरूनच काम करतात' एवढ्यावर भागवायची. वडील कडुबा तर काहीच बोलायचे नाहीत. आणि कडुबांसारखा माणूस गप्प बसला की गल्लीला बरोबर कळतं, पाणी कुठं तरी मुरतंय.

संघपाल पोकर खेळायचा. इंटरनेटवर, पैसे लावून, रोज. त्यावरच पोट भरायचा.

ज्यांच्या भुवया वर गेल्या असतील त्यांना आधीच सांगून ठेवतो, इतका रटाळ जुगारी तुम्ही जन्मात पाहिला नसेल. सकाळी अकरा ते दोन आणि संध्याकाळी पाच ते नऊ अशी त्याची वेळ होती. आंघोळ करून, शर्ट घालून, आईच्या शिलाई मशीनवर लॅपटॉप मांडून बसायचा. दारू नाही, सिगारेट नाही, साधा चहासुद्धा टेबलं बंद झाल्यावर. पडद्यावर एकाच वेळी चार टेबलं उघडी असायची. हातात दोन पत्ते येतात, मधे पाच पत्ते एकेक करून उघडतात, आणि ज्याची जुळणी भारी किंवा ज्याची छाती भारी तो पैसे नेतो, एवढाच तो खेळ. पण संघपाल दहातल्या आठ वेळा आलेले पत्ते बघून टाकून द्यायचा. टाकायचा, टाकायचा आणि टाकायचा. मन थाऱ्यावर नसलं की पाय आपोआप मशीनच्या पायट्यावर पडायचा आणि चाक खडखड फिरायला लागायचं. गेल्या चार महिन्यांत मुक्ताबाईने एक पोलकंही शिवलं नव्हतं, पण मशीन दिवसभर चालू असायचं.

मेकॅनिकलचा डिप्लोमा करून त्याने चार वर्षं चितेगावच्या एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली काढली होती. अकरा महिने झाले की कागदोपत्री घरी बसवायचं आणि पुन्हा नव्याने घ्यायचं, असा तो मामला. लॉकडाऊनमध्ये कंपनी बंद पडली तेव्हा हा मोबाइलवर खेळ शिकला. नुसता शिकला नाही, अभ्यास केला. डिप्लोमाला गणितात कसाबसा पास झालेला मुलगा रात्रंदिवस शक्यतांची गणितं मांडायला लागला. पुढे कंपनी सुरू झाली, बोलावणं आलं, आणि हा गेलाच नाही. पहिली दोन वर्षं कंपनीत मिळत होतं त्याहून दोन पैसे जास्तच मिळाले. मग डिसेंबर लागला आणि सगळं उलटं फिरलं.

डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. तीन महिने तो खेळत होता तसाच खेळत होता आणि हरत होता. बाकीच्या धंद्यांत आणि ह्याच्यात फरक आहे तो इथं. गवंडी भिंत ओळंब्यात बांधतो आणि ती उभी राहते. वाकडी बांधली तर मालक शिव्या घालतो, गवंडी शिकतो. इथं ओळंब्यात बांधलेली भिंत कोसळते आणि शेजारच्या गाढवाने वाकडी रचलेली दिमाखात उभी राहते. एक दिवस झालं तर माणूस हसेल. तीन महिने झालं की तो ओळंब्यावरच संशय घ्यायला लागतो. संघपालचं तेच झालं होतं. जेवताना मधेच उठून जुने डाव बघायचा, करुणाशी बोलता बोलता हरवायचा, आणि तिने 'कुठं आहात?' विचारलं की दचकायचा. करुणा कधी टाकून बोलली नाही, पण एकदा म्हणाली, "माझी ड्युटी संपली की मी कपडे बदलते. तुमची संपतच नाही हो."

मार्चच्या सुरुवातीला सर्जेरावांचा फोन आला. कडुबांनी चितेगावच्या ज्या कंपनीत तेहतीस वर्षं माल तपासायचं काम केलं, तिथल्या टाइम ऑफिसचे हे साहेब. एक कायमची जागा निघाली होती आणि कडुबांच्या नोकरीकडे बघून त्यांनी ती आठवडाभर धरून ठेवली होती. पुढच्या सोमवारी सकाळी हो किंवा नाही कळवायचं होतं. कायमची जागा! पोरांचे तळवे झिजतात त्यासाठी. मुक्ताबाईने तर फोन ठेवायच्या आत डोळ्याला पदर लावला.

संघपाल म्हणाला, "मला नाही जायचं."

घरात जे व्हायचं ते झालं. मुक्ताबाई रडली, मग भांडी आपटली, मग पुन्हा रडली. कडुबांनी उभ्या आयुष्यात पत्ता हातात धरला नव्हता. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत लोक रमीचा अड्डा मांडायचे तेव्हा ते डबा घेऊन लांब लिंबाखाली बसायचे. वस्तीतला मटक्याचा धंदा उठवायला विहारातून जी माणसं गेली होती त्यात हे पुढे होते. आता त्यांच्याच घरात पत्ते पडत होते.

"जुगाराला काम म्हणायचं का रे?" ते शेवटी म्हणाले. "कामाला काही रीत असती. आठ तास उभं राहिलं की आठ तासाचा पगार. तुह्या धंद्यात काय हाये? आज आलं, उद्या गेलं."

"आबा, तुम्ही कधी बघितलंच नाही."

"त्यात बघायचं काय?"

"आठवडाभर बसा माझ्याशेजारी," संघपाल म्हणाला. "अकराला बसायचं, नऊला उठायचं. रविवारी तुम्ही सांगा, हे काम आहे का जुगार. जुगार म्हणालात तर सोमवारी सर्जेरावांकडे जातो, तोंडातून शब्द काढणार नाही. काम म्हणालात तर घरात कुणी पुन्हा विषय काढायचा नाही."

त्याला पैसे नको होते, पाठिंबासुद्धा नको होता. त्या माणसाच्या तोंडून तो एक शब्द हवा होता. आणि कडुबा खोटं बोलत नाहीत, म्हणून तर हवा होता.

सोमवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना कडुबा इस्त्रीचा शर्ट घालून, चष्मा पुसून प्लास्टिकच्या खुर्चीत हजर झाले. पहिले दोन तास त्यांनी निमूट बघितलं. मग म्हणाले, "तू तर कायबीच करंना. नुसते टाकूलाला."

"कामाचे नव्हते."

"सगळेच?"

"जवळजवळ."

"आमच्याकडं दहातले आठ नग नापास केले असते तर मला हाकलून दिलं असतं." असं म्हणून ते हसले नाहीत, पण पुढे सरकून बसले. दुपारी मुक्ताबाईने विचारलं, काय बघितलं? तर म्हणाले, "काय नाय. लई बोर काम हाये." शब्द तोंडातून निसटला आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही. संघपालने तो ऐकला आणि भाकरी मोडली.

मंगळवारी ते खुर्चीतच पेंगले. बुधवारपासून मात्र अधूनमधून पुटपुटायला लागले, "हे टाक." संघपाल टाकायचाच असायचा. कुठला गडी थापा मारतो आणि कुठला इमानदार हेही त्यांना कळायला लागलं. 'गुलकंद' अशा नावाचा एक जण रोज यायचा. संघपालने त्याच्याबद्दल टिपून ठेवलं होतं: हा कधीच खोटी बोली लावत नाही, त्याने पैसे पुढे सरकवले की पळायचं. कडुबांना हा न पाहिलेला गुलकंद आवडून गेला. "सरळ माणूस दिसतो," म्हणाले.

गुरुवारी संघपालच्या हातात दोन एक्के आले. ह्याहून चांगले पत्ते येतच नाहीत. त्याने बरोबर पैसे वाढवले, समोरच्या एकाने दोन दश्श्यांवर सगळे पैसे पुढे ढकलले, ह्यानेही ढकलले, आणि शेवटचा पत्ता दश्शी निघाली. टेबलावरची सगळी रक्कम गेली. संघपाल घोटभर पाणी प्यायला, त्याने वहीत एक ओळ लिहिली आणि दुसऱ्या टेबलावरचे पत्ते टाकले.

"चुकलं कुठं?" कडुबांनी विचारलं.

"कुठंच नाही. बरोबर खेळलो."

"मग गेले कसे?"

"तसेच जातात."

कडुबा उठून अंगणात गेले. दोन मिनिटांनी परत आले, बसले, पुन्हा उठले. "अरं पण बरोबर होतं ना ते?" असं तीनदा विचारलं. त्या संध्याकाळी त्यांना जेवण गेलं नाही. तेहतीस वर्षं ज्या हातांनी बरोबर नग बरोबर पेटीत टाकला त्या हातांना हे सोसवेना. संघपालला त्यांची दया आली आणि खरं सांगायचं तर आतून थोडं बरंही वाटलं. गेले तीन महिने जी कीड एकटा सांभाळत होता ती आता दुसऱ्या कुणाच्या तरी पोटात शिरली होती.

रविवार उजाडला. रविवारची संध्याकाळ म्हणजे ह्या धंद्यातला बाजाराचा दिवस. सुट्टी असते, हौशे-नवशे पैसे घेऊन येतात. पाचला संघपाल बसला. शेजारी कडुबा. आज नऊ वाजता ते बोलणार होते. संघपालचा पाय पाचपासूनच पायट्यावर होता.

त्याचा एक नियम होता. टेबलावर बसायची रक्कम ठरलेली, आणि ती दिवसात दोनदा बुडाली की लॅपटॉप बंद करायचा. मग समोर सोन्याची खाण उघडी असली तरी उठायचं. दोन वर्षांत हा नियम त्याने एकदाही मोडला नव्हता. कारण दोनदा बुडालेल्या माणसाच्या डोक्यात जो उठून बसतो तो खेळणारा नसतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सहाच्या सुमारास पहिली रक्कम गेली. चूक नव्हती, नशीब नव्हतं. आणि साडेसहाला गल्लीत आरोळी उठली, "पाणी आलंऽऽ!"

आमच्या शहरात ह्या आरोळीपुढे सगळं थांबतं. त्या गल्लीचं पाणी दर आठ दिवसांनी यायचं आणि ह्या खेपेला ते शनिवारी येणार होतं. शनिवारी आलं नाही आणि रविवारी न सांगता आलं. पाऊण तास चालतं, तेवढ्यात टाकी, ड्रम, कळशा, पातेली भरली नाहीत तर पुढचा आठवडा टँकरवाल्याच्या पाया पडायचं. मुक्ताबाई विहारात गेली होती, करुणा ड्युटीवर होती. कडुबा गुडघा धरून उठायला लागले.

"तुम्ही बसा, आबा. मी आलोच."

त्याच्या हातात त्या वेळी तीन राजे जुळलेले होते आणि टेबलावर बरेच पैसे पडले होते. विचार करायला वीस सेकंद मिळतात. नळी ड्रममध्ये टाकून मोटरचं बटण दाबायला दहा पुरतील, असा त्याचा हिशेब. पण मोटर सुरू झाली, नळी ड्रममधून उसळून बाहेर पडली आणि सापासारखी अंगणभर नाचायला लागली. ती पकडून, दगडाखाली दाबून, नखशिखांत भिजून तो आत आला तेव्हा वीस सेकंद कधीच उलटून गेले होते. यंत्राने त्याचे पत्ते आपणहून टाकले होते. तीन राजे. आतापर्यंत लावलेलं सगळं दुसऱ्याकडे गेलं आणि दुसरी रक्कमही जवळजवळ तिथंच संपली. उरलेली त्याने पुढच्याच डावात उधळली.

"झालं दोनदा," कडुबा हळूच म्हणाले.

संघपालने ऐकलं. ऐकून त्याने त्याहून मोठं टेबल उघडलं, पाचपट मोठं. सहा महिन्यांचा घरखर्च म्हणून जे बाजूला ठेवलं होतं त्यातली मोठी रक्कम तिथं मांडली. शर्टातून पाणी ठिबकत होतं. बाहेर ड्रम भरून वाहत होता. चार डावांतच समोर गुलकंद आला. मधे चार पत्ते उघडले होते, संघपालकडे नुसती सत्तीची जोडी. आणि गुलकंदाने सगळे पैसे पुढे सरकवले.

हे टाकायचं असतं. कडुबांनासुद्धा ते कळलं. "हे टा—" एवढं त्यांच्या तोंडून निघालंही. संघपालने बटण दाबलं आणि सगळे पैसे लावले. त्या क्षणी तो गुलकंदाशी खेळत नव्हता. महानगरपालिकेशी, डिसेंबर-जानेवारी-फेब्रुवारीशी, त्या दश्शीशी खेळत होता.

गुलकंदाकडे दोन जोड्या होत्या. सरळ माणूस, तो खोटं बोललाच नव्हता. उरलेल्या चव्वेचाळीस पत्त्यांत संघपालला वाचवणाऱ्या दोनच सत्त्या होत्या, आणि शेवटचा पत्ता सत्ती निघाली.

तीन महिन्यांचं नुकसान एका मिनिटात भरून निघालं. वर उरलं.

मुक्ताबाई परत आली आणि तिला कळलं तेव्हा घराचं लग्नघर झालं. पेढे आले. तिने शेजारणीला पहिल्यांदाच उघड सांगितलं, "आमचा संघपाल कम्प्युटरवर गेम खेळून कमावतो!" आठला करुणा आली, तिच्याही चेहऱ्यावरचा ताण उतरला. "सर्जेरावसाहेबाला आता नाय म्हणून सांगा," मुक्ताबाई कडुबांना म्हणाली. हरताना जी माणसं सोड म्हणत होती तीच आता धर म्हणत होती. बरोबर खेळत होता तेव्हा तो घरात वाया गेलेला होता आणि आज आयुष्यातली सगळ्यात घाणेरडी चूक केली तर त्याला ओवाळायचं तेवढं बाकी होतं. संघपालने ताट पुढे सारलं. कडुबा नऊ वाजता काहीच बोलले नाहीत. पेढाही त्यांनी हातात धरून ठेवला आणि मग परत पुड्यात ठेवला.

सोमवारी सकाळी नऊलाच ते खुर्चीत येऊन बसले.

"कालचं ते परत दिसतं का?"

दिसतं. झालेला डाव पत्त्यागणिक पुन्हा बघता येतो. संघपालने तो लावला. गुलकंदाचे पैसे पुढे सरकले तिथं कडुबांनी बोट ठेवलं.

"हितं टाकायचं होतं."

"हो."

"तुला म्हाईत होतं."

"हो."

"मग?"

"राग आला होता."

"कुणाचा?"

"पाण्याचा," संघपाल म्हणाला आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर होईना.

कडुबांनी चष्मा काढला. "तेहतीस वर्षांत एकदा म्या खराब पेटी पास केली. तुह्या आजीला दवाखान्यात टाकलं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. दिसलं होतं मला, तरी शिक्का मारला. त्या पेटीची तक्रार कधीच आली नाय. आली असती तर शिव्या खाऊन मी विसरलो असतो."

संघपालने वर बघितलं. गेल्या दोन वर्षांत कुणी त्याला इतकं नेमकं काही सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. सर्जेराव. संघपाल उठून उभा राहिला. निकाल त्याने मनाशी लावून टाकला होता आणि खरं म्हणजे त्याला सुटल्यासारखंच वाटत होतं. बस, डबा, आठ तास. संध्याकाळी कुणीतरी भोंगा वाजवून सांगेल, दिवस संपला.

"जय भीम, साहेब," कडुबा म्हणाले. "व्हय, तुमचे लई उपकार. पण नाय यायचा तो. नाय, घरी नाय बसला. कामावर हाये."

त्यांनी फोन ठेवला.

"आबा, काल मी नियम मोडला. तुम्ही बघितलं."

"बघितलं. मायनं पेढे वाटले, तू जेवला नाय, तेबी बघितलं. जुगारी माणूस जिंकल्यावर उपाशी उठत नसतो." ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि खुर्ची उचलून दाराकडे निघाले. "काम हाये हे. लई वंगाळ काम हाये, पण काम हाये. आता मी नाय बसायचा शेजारी."

एवढ्या शब्दासाठी तो दोन वर्षं तळमळला होता. वाटलं होतं, तो ऐकला की छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. आजवर हरला की घरच्यांवर रुसता येत होतं, ह्यांना कळत नाही म्हणता येत होतं. आता कळणारा माणूस घरातच निघाला होता, आणि चितेगावची जागा गेली होती. आता डाव बुडाला तर फक्त त्याचा बुडणार होता. सर्जेरावांचा नंबर वडिलांच्या फोनमध्ये आहे, अजून तासाभरात परत लावता येईल, असा विचार त्याच्या डोक्यात आला आणि जाईना. त्याने लॅपटॉप उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. खिडकीपाशी गेला, परत आला.

"संघपाल," बाहेरून कडुबांचा आवाज आला. "अकरा वाजले. बसला का कामाला?"

"बसतोय," तो म्हणाला आणि उभाच राहिला.